कडेवरचं पोर

माझे आजोबा, आबा, सालं आकड्यांत सांगत नसत. लग्न झालं ते ‘पंचगंगा देवळात आली त्या साली’, विहीर पाडली ती ‘ढवळ्या बैल गेला त्या साली’, आणि शाळेत नाव घातलं ते ‘मानमोडीच्या साली’. मानमोडी म्हणजे १९१८ मधली इन्फ्लुएंझाची साथ, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर मला तो शब्द आबांच्या शाळेचाच भाग वाटायचा. पावसाने ओढ दिलेली, घरटी एखादं माणूस अंथरुणाला खिळलेलं, आणि त्यातच काखेत पट घेऊन गावात गुरुजी आलेले.

आमचं गाव नदीकाठचं, तेव्हाच्या करवीर संस्थानातलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत धाडलं नाही, तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. आबा तेव्हा आठ वर्षांचे होते आणि गुऱ्हाळावर चरकाचे बैल फिरवायचं काम त्यांच्याकडे होतं. मोठी माणसं चरकात ऊस घालत, बायका चिपाडं उन्हात पसरत, गुळव्या काहिलीपाशी उभा असे. पोरानं फक्त बैलांमागून चालायचं. ‘फक्त’ म्हणताना आबा हाताने हवेत गोल काढत. एक, दोन, तीन, आणि पुढे काढतच राहत. पहाटेच्या अंधारात सुरू झालेलं ते गोल दुपारी ऊन कलल्यावर थांबायचं. पाय चालत असायचे आणि डोळे मिटलेले असायचे.

गुरुजी एक दिवस थेट गुऱ्हाळावर आले. पणजोबांनी त्यांना घोंगड्यावर बसवलं, वाटीत गरम काकवी दिली आणि विचारलं, “पोर शाळंत आलं तर बैल कोन हाकनार, गुरुजी? तुमी?” गुरुजींनी काकवी खाल्ली, बोटं पुसली, पट उघडला आणि आबांच्या नावापुढे खूण केली. पुढच्या महिन्यात रुपया भरावा लागला. त्यासाठी एक करडू विकलं. आबांचं ते लाडकं करडू होतं. त्याचा रंग, त्याच्या कपाळावरचा ठिपका, बाजाराला नेताना ते कसं ओरडत होतं, हे सगळं त्यांना नव्वदीतही आठवत होतं. त्यानंतर बैलांमागे थोरल्या चुलत्याला लावलं आणि आबा शाळेत गेले. चौथीपर्यंत शिकले.

हा किस्सा मी लहानपणी रडवेला होऊन ऐकायचो. गरिबाचं करडू विकायला लावणारा कायदा मला दुष्ट वाटायचा. एकदा तसं बोललो, तर आबा चिडले. म्हणाले, “दंड बापाला झाला, व्हय. पर आदी म्हाराजानं शाळा दिली, गुरुजी दिला, पाटी दिली. सोता बांधून घेतलं आनि मग आमाला बांधलं. दोन्ही अंगानं सक्ती हुती.”

दोन्ही अंगांनी सक्ती, हे त्यांचं म्हणणं मी पुढे आयुष्यभर वापरत आलो.

चौथी झालेले आबा गावात खत वाचणारे झाले. सावकाराचा कागद आला, जमिनीचं गहाणखत आलं, सोसायटीची नोटीस आली, की माणसं आमच्या सोप्यावर यायची. आबा चष्मा लावून सगळा कागद आधी मनात वाचायचे. मग चार गोष्टी मोठ्यानं सांगायचे. देणारा कोण, घेणारा कोण, मुदत किती, आणि मुदत चुकली तर काय. चौथी गोष्ट कागदात नसेल तर ते कागद परत घडी घालून समोरच्याच्या हातात द्यायचे. “ह्यात समदं गोड लिवलंय. अंगठा उठवू नगं.”

मी हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचा धडा पुस्तकात जेमतेम दीड पानाचा होता. ते दीड पान शिकवताना मला आबांचे चार प्रश्न आठवायचे. म्हणून मी मागचे कागद शोधू लागलो. हक्क एका दिवसात लिहिला जात नाही. त्याचे मसुदे होतात, कुणी शब्द घालतो, कुणी काढतो, आणि त्या घालण्याकाढण्यात कोट्यवधी पोरांचं बालपण इकडचं तिकडे होतं.

सगळ्यात जुना कागद महात्मा फुल्यांचा. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षण एका वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचं करा अशी मागणी आहे. पण मला त्यातला हिशेब जास्त मोलाचा वाटतो. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असं जोतीरावांनी स्वच्छ मांडलं. देणारा एक, घेणारा दुसराच. आबांनी हे निवेदन कधी वाचलं नव्हतं. त्यांना मी ते सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “त्यो मानूस खत वाचनारा हुता.”

दुसरा कागद गोपाळ कृष्ण गोखल्यांचा. गोखल्यांचं लहानपणीचं शिक्षण आमच्याच कागलात झालं, आणि शाहू महाराज जन्मले तेही कागलच्या घाटग्यांच्या घरात. कोल्हापूरहून निपाणीकडे जाताना कागल लागलं, की मला दर वेळी हे आठवतं. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी कलकत्त्याला मध्यवर्ती विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. फार सौम्य विधेयक होतं ते. सहा ते दहा वयाच्या मुलग्यांपासून सुरुवात करायची. सक्ती लागू करायची की नाही हे त्या त्या स्थानिक संस्थेने सरकारच्या संमतीने ठरवायचं. वर्षभर ते प्रांतोप्रांती मतासाठी फिरलं. गोखल्यांची शेवटची मागणी एवढीच होती, की हे विधेयक प्रवर समितीकडे पाठवा, तिथे त्याचा कीस काढा, हवं तर बदला. १९ मार्च १९१२ रोजी ती मागणी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळली गेली. विरोधात सरकारी सभासद होते, तसे काही हिंदी सभासदही होते.

म्हणजे विधेयक नापास झालं एवढंच नाही. ते तपासायलाच नकार मिळाला. समितीत बसून एखादा कागद ओळ न् ओळ वाचला जाणं हे किती मोठं काम असतं, ते मला या पराभवाने शिकवलं. पाच वर्षांनी कागलच्याच दुसऱ्या माणसाने आपल्या संस्थानात सक्ती आणली आणि आमच्या पणजोबांचं करडू विकलं गेलं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी तर १८९३ मध्ये अमरेलीपासून सुरुवात केली होती आणि १९०६ मध्ये ती सगळ्या संस्थानात नेली होती. पैसा नाही, माणसं तयार नाहीत, ही सबब तेव्हाच खोटी ठरली होती.

तिसऱ्या कागदाकडे येण्याआधी आत्याची गोष्ट सांगायला हवी. कारण तो कागद मी आत्याच्या डोळ्यांनी वाचायला शिकलो.

आत्या माझ्या वडिलांपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. १९४०-४१ चा सुमार असेल. आजी शेतात जायची आणि वडील आत्याच्या कडेवर असायचे. आत्याचं नाव शाळेत होतं. ती भावाला कडेवर घेऊनच शाळेत जायची. शाळेच्या दारात कडुनिंब होता. त्याच्या खालच्या फांदीला ती जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, झोळीला काथ्याची दोरी लावायची आणि दोरीचं दुसरं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला. वर्गात दाराजवळची जागा धरायची. हात पाटीवर, पाय दोरीवर. पोर कुरकुरलं की अंगठा हलवायचा. आत्या हे सांगताना जमिनीवर बसून पाय पुढे करायची आणि अंगठा खरोखर हलवून दाखवायची, सत्तरीतही, आणि तो हलायचा त्याला एक ठेका असायचा. त्या ठेक्यावरच तिचे पाढे पाठ झाले, असं ती म्हणायची. बेरीज तिला आलीच. जोडाक्षरं मात्र राहिली.

पावसाळ्यात झोळी बाहेर बांधता येईना. आत आणली तर पोर रडायचं आणि वर्ग थांबायचा. गुरुजींनी सांगितलं, पोर घरी ठेवून ये. घरी ठेवायला घरात कुणीच नव्हतं. आत्या दुसरीत असताना शाळा सुटली. दंड मागायला कुणी आलं नाही. मुलीसाठी कोण येणार, असं ती सांगायची तसं मी सांगतो. तिने भावाला सांभाळलं, तो भाऊ पुढे मॅट्रिक झाला, त्याच्यामुळे मी शिक्षक झालो. आत्या शेवटपर्यंत बँकेच्या पासबुकावर सही करताना आपल्या नावातल्या जोडाक्षरापाशी थांबायची, पेन उचलायची आणि माझ्याकडे बघायची.

तर तिसरा कागद. २३ नोव्हेंबर १९४८. त्या दिवशी संविधान सभेत आधी समान नागरी कायद्याच्या कलमावर मोठी खडाजंगी झाली आणि मग मसुद्यातलं ३६ वं कलम आलं. ते थोडक्यात आटोपलं. मसुद्यात त्या कलमाची सुरुवात अशी होती, की प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे. आणि पुढे, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्य दहा वर्षांत प्रयत्न करील. पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी सुचवलं, की पहिला भाग काढून टाका. हा भाग मार्गदर्शक तत्त्वांचा आहे, इथे हक्काची भाषा बसत नाही. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली. कायद्याच्या अंगाने मैत्र चुकीचं बोलत नव्हते. पण एक वाक्य ज्या खोलीत बसत नाही, ते शेजारच्या खोलीत नेता येतं. मूलभूत हक्कांची खोली शेजारीच होती. १९४७ मध्ये सल्लागार समितीत शिक्षणाची ही तरतूद तिथूनच इकडे आणली गेली होती. हक्क हा शब्द त्या दिवशी गेला आणि ‘प्रयत्न’ हा शब्द उरला.

त्याच चर्चेत नझिरुद्दीन अहमद यांचं म्हणणं होतं, की ‘शिक्षण’ऐवजी ‘प्राथमिक शिक्षण’ म्हणा, म्हणजे बोजा आवाक्यात राहील. बाबासाहेबांनी ते मात्र साफ नाकारलं. त्यांचं कारण मला आजही थांबून वाचावं लागतं. दुसऱ्या एका कलमाने आपण चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावायला बंदी केली आहे. मग ते मूल कामावर नसेल तर त्याने कुठे असायचं? शाळेत. चौदा हा आकडा परीक्षेच्या इयत्तांवरून आलेला नाही. तो मुलाच्या अंगावरचं काम उतरवण्यावरून आला आहे. चरकामागून डोळे मिटून चालणारा आठ वर्षांचा आबा त्या युक्तिवादात मला दिसतो.

पुढे हे कलम संविधानात ४५ वं झालं. सगळ्या मार्गदर्शक तत्त्वांत मुदत लिहिलेलं हे एकच कलम. दहा वर्षं, म्हणजे १९६० पर्यंत. आबांच्या पद्धतीने वाचलं तर: देणारा राज्य, घेणारी चौदा वर्षांपर्यंतची सगळी मुलं, अगदी जन्मलेल्या पोरापासून. मुदत दहा वर्षं. मुदत चुकली तर काय, हे लिहिलेलंच नाही. त्यामुळे ती चुकली.

ती किती चुकली ते ४ फेब्रुवारी १९९३ ला सर्वोच्च न्यायालयाने बोलून दाखवलं. उन्नीकृष्णन खटला मुळात खासगी मेडिकल आणि इंजिनीअरिंग कॉलेजांच्या कॅपिटेशन फीचा. आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू आणि आपला महाराष्ट्र अशा चार राज्यांतला. मोठ्यांच्या पोरांच्या फीच्या भांडणात न्यायमूर्ती ४५ व्या कलमापाशी थांबले आणि म्हणाले, की दहा वर्षांची ४४ झाली; आता चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचं शिक्षण हा जगण्याच्या हक्काचाच भाग, मूलभूत हक्क. एका निकालाने हक्क परत आला. मग तो संविधानात लिहिणं संसदेला भाग पडलं.

२८ जुलै १९९७ रोजी राज्यसभेत ८३ व्या घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं गेलं आणि ते मनुष्यबळ विकासाच्या स्थायी समितीकडे गेलं. या समित्या १९९३ पासूनच्या. दोन्ही सभागृहांचे, सगळ्या पक्षांचे खासदार एका टेबलाभोवती बसतात, खात्याच्या सचिवांना बोलावतात, लोकांकडून निवेदनं मागवतात आणि कलमं एकेक करून वाचतात. तिथे टीव्हीचे कॅमेरे नसतात म्हणून भाषणंही कमी असतात. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. तरी गोखल्यांना १९१२ मध्ये जे मिळालं नाही, ते इथे या कागदाला मिळालं. समितीने त्याच नोव्हेंबरात अहवाल दिला.

त्या विधेयकात एक लहानसं तिसरं पोटकलम होतं. मोफत शिक्षणाचा कायदा विनाअनुदानित खासगी शाळांना लागू करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. त्या पोटकलमावर पुष्कळ बोललं-लिहिलं गेलं. चार वर्षांनी, २००१ मध्ये ९३ व्या दुरुस्तीचं नवं विधेयक आलं, तेव्हा ते त्यात उरलं नव्हतं. ते राहिलं असतं, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळांतल्या ज्या २५ टक्के जागा वंचित घरातल्या मुलांसाठी आहेत, त्यांना वाटच नव्हती. आमच्या गावातल्या रिक्षावाल्याची मुलगी त्यातूनच शिकते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट दिली, आणि जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, तेव्हा तिच्या बापाने मला फोन करून विचारलं होतं, “सर, आमचं राहिलं न्हवं?”

पण एक शब्द वाचला की दुसरा निसटतो. २००१ च्या मसुद्यातून काय निसटलं, ते आमच्या सोप्यावर कळलं.

२९ नोव्हेंबर २००१ ची सकाळ. आबा नव्वदी ओलांडलेले, उन्हात घोंगडं टाकून बसलेले. त्यांना आता वाचता येत नव्हतं, म्हणून पेपर मी वाचायचो. आदल्या दिवशी लोकसभेत विधेयक एकमताने मंजूर झालं होतं. मला आनंद झाला होता आणि तो आवाजात येत असणार. मी वाचलं, सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण आता मूलभूत हक्क होणार. आबांनी डोळे मिटून विचारलं, “कसं देनार?” मी वाचलं, राज्य कायद्याने ठरवील त्या रीतीने. “म्हंजे देनाराच ठरवनार कसं द्यायचं.” मग मी पुढे वाचलं, की सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिकण्याची संधी देणं हे आईबापाचं मूलभूत कर्तव्य म्हणून ५१-क कलमात जोडलं आहे. आबा हसले नाहीत. “बापाला बांधलं. सरकारानं सोताला कुटं बांधलं?”

आत्या आतल्या उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवून विचारलं, “सहापासून का? आनि कडेवरचं?”

मी काहीतरी सांगायला लागलो, की त्याआधीच्या मुलांसाठी ४५ व्या कलमात वेगळी तरतूद आहे, राज्य प्रयत्न करील. आत्या म्हणाली, “त्ये न्हवं. कडेवरचं पोर कुनाकडं ठिवायचं? त्येला ठिवायला जागा न्हाई, तर सहाची पोरगी शाळंत कशी जानार?”

आदल्याच दिवशी दिल्लीत रामलीला मैदानावर देशभरातून आलेली हजारो माणसं ‘सहापासून का’ हेच विचारत होती, आणि सभागृहातही अनेक सदस्यांनी सहा वर्षांखालच्या मुलांचा मुद्दा मांडला होता. उन्नीकृष्णन निकालाने चौदापर्यंतचं सगळं वय हक्कात घेतलं होतं. दुरुस्तीने त्यातली पहिली सहा वर्षं उचलली आणि पुन्हा ‘प्रयत्ना’त टाकली. अनेकांनी ते मेंदूच्या वाढीच्या, पोषणाच्या अंगाने सांगितलं, आणि ते खरंच आहे. आत्याने जे सांगितलं ते मला अजून कुठल्या भाषणात सापडलं नाही. लहान्याचा हक्क काढून घेतला की मोठ्या बहिणीचाही जातो, कारण दोघं एकाच दोरीने बांधलेली आहेत.

पैशाचाही हिशेब मी नंतर आबांना वाचून दाखवला. तपस मजुमदार यांच्या तज्ज्ञगटाने १९९९ मध्ये दहा वर्षांसाठी सुमारे १ लाख ३७ हजार कोटी रुपये लागतील, असं सांगितलं होतं. विधेयकाला जोडलेल्या वित्तीय निवेदनात वर्षाला ९,८०० कोटी, म्हणजे दहा वर्षांचे ९८ हजार कोटी धरले होते. आबांनी आकडे पुन्हा वाचायला लावले. “घेनाऱ्याच्या गरजंचा आकडा न्हाई त्यो. देनाऱ्याच्या खिशाचा हाय.”

राज्यसभेत १४ मे २००२ ला विधेयक मंजूर झालं. १२ डिसेंबर २००२ ला राष्ट्रपतींची सही झाली आणि ते ८६ वी घटनादुरुस्ती झालं, २१-क कलम. पण अंमल कधीपासून, ते सरकार जाहीर करील त्या दिवसापासून. ते जाहीर झालं १ एप्रिल २०१० ला, शिक्षण हक्क कायद्याबरोबर. सहीच्या दिवशी सहा वर्षांचं असलेलं पोर तोवर चौदाव्यात आलं होतं. मुदतीचा प्रश्न आबांनी विचारला असता, पण ते २००४ च्या उन्हाळ्यात गेले.

कडेवरच्या पोराचं उत्तर आपल्याकडे नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्या आणि अनुताई वाघ आदिवासी पाड्यांत गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची. मोठी मुलं गुरं राखायला जातात, तर शाळा कुरणात न्यायची, तिचं नाव कुरणशाळा. बोर्डीच्या त्या सुरुवातीच्या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्यही होत्या. संविधान लिहिलं जात होतं तेव्हा डहाणूच्या बाजूला याची सुरुवात झाली होती. देशाने १९७५ मध्ये अंगणवाड्या काढल्या. त्या योजना म्हणून आल्या, हक्क म्हणून आल्या नाहीत, आणि अंगणवाडी ताईंना आपल्या मानधनासाठी दर दोन-चार वर्षांनी आझाद मैदानात बसावं लागतं.

आणि २०१६ मध्ये बालमजुरीचा कायदा बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलाला सगळ्याच धंद्यांत कामावर ठेवायला बंदी आली, हे चांगलं झालं. पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मूल घरच्या धंद्यात मदत करू शकेल, अशी सूट ठेवली गेली. बाबासाहेबांनी चौदा हा आकडा ज्या कारणाने धरला होता, ते कारण या सवलतीने आतून पोखरलं, असं मला ठाम वाटतं. गुऱ्हाळ घरचंच होतं. करडूही घरचंच होतं.

आत्या गेली त्याला आता सात वर्षं झाली. गेल्या हंगामात आमच्या वरच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली होती, बीडकडची. एक नवरा-बायको म्हणजे एक कोयता; अशा बारा कोयत्यांच्या कोप्या. मुकादमाची उचल दिवाळीआधीच घेतलेली असते, ती फेडायला पहाटे चारला आईबाप फडात. मी सकाळी तिकडे फिरायला जायचो. एका कोपीच्या मेढीला झोळी बांधलेली होती आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी चुलीवर भाकरी थापता थापता पायाने झोळीची दोरी ओढत होती. मी उभाच राहिलो. तिला वाटलं मी रागावलोय. म्हणाली, “लाकडं तुमच्या बांधावरची न्हाईत, आजोबा.”

तिचं नाव तिकडच्या शाळेच्या पटावर होतं, चौथीत. दिवाळीनंतर ती शाळेत गेली नव्हती. कायद्याने दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, तिच्या वयाच्या वर्गात बसवावं लागतं, हे मला ठाऊक होतं आणि आमच्या शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनाही. मी तिच्या आईशी बोललो. आईचं उत्तर मला पाठ होतं. “ती गेल्यावर ह्येला कोन बघंल?” मी बाईंना विचारलं. बाईंनी व्हरांड्याच्या तुळईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “इथं बांधू दे की.”

अकरा दिवस ती आली. दाराजवळ बसायची. भाऊ रडला की उठून बाहेर जायची, तो निजला की परत यायची, आणि पोषण आहाराच्या खिचडीतली अर्धी त्याला भरवायची. जोडाक्षरं तिला येत होती. भागाकार अडला होता, तो बाईंनी मधल्या सुट्टीत शिकवायला घेतला. बाराव्या दिवशी फड संपला आणि टोळी ट्रॅक्टरमध्ये बसून पुढच्या गावाला गेली.

दुपारी बाईंचा फोन आला. नाव कमी करायचं का ठेवायचं, तिकडच्या शाळेला काय कळवायचं, विचारत होत्या. मी विचारलं, भागाकार कुठवर आला होता? म्हणाल्या, “दोन अंकीपर्यंत.” मी पुढच्या गावाच्या शाळेचा नंबर शोधून त्यांना दिला, आणि दोरी तुळईलाच राहू द्या म्हणून सांगितलं.